रिंगण आणि गुणपत्रक

नाच हा काही माझा विषय नव्हे. एम.ए. केले ते मराठी साहित्यात, नोकरी झाली ती हिंदी माध्यमाच्या शाळांत, आणि आता धार जिल्ह्यातील गंधवानीत मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसलो आहे. घरी मराठी, फळ्यावर हिंदी आणि मैदानावर मुलांच्या तोंडी भिली. अशा माणसाने दोन नृत्यपटांची समीक्षा करायला बसावे, यामागे एक जुनी टोचणी आहे.

काही वर्षांपूर्वी वार्षिकोत्सवाच्या तालमीत नववीतला एक मुलगा अंथरलेल्या पोत्यावर डोके टेकून भोवऱ्यासारखा फिरला. मोबाईलवर पाहून शिकला होता. कोपरे सोलवटलेली होती. मी त्याचे नाव यादीतून काढले. म्हणालो, ही परदेशी नक्कल आहे, तुझे स्वतःचे काही असेल तर दाखव. तो काही बोलला नाही. पुढच्या वर्षी शाळा सोडून पीथमपूरला कारखान्यात लागला. माझ्यामुळे लागला असे नव्हे, घरची स्थितीच तशी होती. पण 'नक्कल' हा माझा शब्द मात्र माझ्याजवळच राहून गेला.

तोच शब्द पुढे पडद्यावर भेटला. रेमो डिसूझा यांचा 'एबीसीडी २' हा २०१५ सालचा चित्रपट. मुंबईतील नाचणाऱ्या पोरांचा एक गट दूरदर्शनवरील स्पर्धेत फिलिपिनो गटाची नक्कल केल्याबद्दल पकडला जातो, बदनाम होतो आणि तो डाग पुसण्यासाठी थेट लास व्हेगासची जागतिक हिप-हॉप स्पर्धा गाठतो. कथेला आधार आहे वसई-नालासोपाऱ्याच्या खऱ्या मुलांचा. सुरेश मुकुंद आणि व्हर्नन मोंटेरो यांनी उभा केलेला हा गट आधी 'फिक्टिशस' आणि पुढे 'किंग्ज युनायटेड' या नावाने गाजला. लोकलच्या गर्दीत उभे राहून मोठी झालेली ही पोरे.

चित्रपट कंटाळवाणा नाही. प्रभुदेवा नुसता चालला तरी पाहत राहावेसे वाटते. पण नाचाचा चित्रपट म्हणून तो फसतो, आणि फसतो तो कात्रीमुळे. हा नाच जमिनीवरचा आहे. तळहातावर पेललेले शरीर सबंध दिसले, सलग दिसले, तरच त्यातला धोका आणि तोल कळतो. इथे दर दोन क्षणांनी दृश्य बदलते. कधी नुसता पाय, कधी नुसता चेहरा. वर त्रिमितीचा सोस. शेवटी देशभक्तीच्या गाण्यावर नाच होतो आणि डाग धुतला जातो. मग नक्कल म्हणजे नेमके काय, हा सुरुवातीला उभा केलेला प्रश्न तसाच वाऱ्यावर राहतो. खरी मुले त्या प्रश्नापुढे गेली. चित्रपट लागला त्याच वर्षी त्यांनी सॅन दिएगोच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक घेतले आणि २०१९ मध्ये अमेरिकेतील 'वर्ल्ड ऑफ डान्स' ही दहा लाख डॉलर बक्षिसाची स्पर्धा जिंकली.

दुसरा चित्रपट बेन्सन ली यांचा 'प्लॅनेट बी-बॉय' हा २००७ चा माहितीपट. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे २००५ साली झालेल्या 'बॅटल ऑफ द इयर' या स्पर्धेला आलेल्या गटांचा तो पाठलाग करतो. ज्यांना या नाचाचा परिचय नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वस्तीत कूल हर्क नावाचा तरुण दोन तबकड्या वापरून गाण्यातला केवळ तालवाद्यांचा तुकडा, म्हणजे 'ब्रेक', लांबवत असे. त्या तुकड्यावर नाचणारे ते बी-बॉय.

कोरियात हे लोण १९९० च्या दशकात खऱ्या अर्थाने पसरले. मुलांनी व्हिडिओ कॅसेटी मागे-पुढे करून एकेक हालचाल उतरवून घेतली. म्हणजे नक्कलच की! पण २००२ साली 'एक्स्प्रेशन' या कोरियन गटाने हीच जर्मनीतील स्पर्धा जिंकली, आणि माहितीपटात दिसते त्याप्रमाणे २००५ साली जॉन्जू शहराच्या 'लास्ट फॉर वन'ने. या पोरांचे बाप पोटापाण्याच्या काळजीने गप्प बसलेले, आणि मुलांच्या डोक्यावर सक्तीच्या लष्करी सेवेची तलवार. ली यांचा कॅमेरा या बापांच्या घरात जाऊन बसतो, घाई करत नाही. आपल्या चित्रपटाला नालासोपाऱ्यातल्या एखाद्या आईबापाजवळ असे बसवले नाही, याची मला खंत वाटते. पुढे २००७ पासून कोरियाच्या पर्यटन खात्याचेच पाठबळ लाभून 'आर-१६' ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरू लागली. काल उनाड ठरलेली पोरे देशाची जाहिरात झाली.

नकलेचे उत्तर शोधायला मला सेऊलपर्यंत जायचे कारण नव्हते. ते शेजारच्या देवासला होते. बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी लहानपणी थोरामोठ्यांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवी. त्यावरच तो 'कुमार गंधर्व' झाला. १९४८ साली क्षयाने आजारी होऊन ते देवासला आले, काही वर्षे गाणे बंद, आणि अंथरुणावर पडल्यापडल्या कानी आली ती माळव्यातील बायकांची गाणी. त्यातून जे निघाले ते कोणाची नक्कल नव्हते. आता त्या मुलाला कोणी मुख्याध्यापकाने सांगितले असते की तबकड्या बंद कर, तर?

दुसरे टोकही पाहिले पाहिजे. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये २०२४ साली ब्रेकिंगचा समावेश झाला. नऊ परीक्षक, पाच निकष, त्यात नावीन्याला शंभरातले वीस. आम्हा शिक्षकांना हे पाहून आपल्याच उत्तरपत्रिका आठवल्या असतील. कोरियाचा हाँग टेन, तीन वेळा 'बीसी वन' जिंकलेला, चाळिशीच्या उंबरठ्यावर तिथे उतरला आणि गटफेरीतच बाद झाला. ऑस्ट्रेलियाच्या रेगनचे साऱ्या जगाने हसे केले. आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या यादीत हा खेळच नाही. आधी बोलावून गुण मांडायचे आणि मग पाटी पुसायची. गुण मांडू नयेत असे माझे म्हणणे नाही. वसईच्या पोरांना जग दिसले ते गुणांमुळेच. पण हा नाच ज्या गोलात जन्मला, ज्याला ते 'सायफर' म्हणतात आणि ज्यासाठी आपल्याकडे वारीतला 'रिंगण' हा शब्द आहे, तिथे पाहणारा आणि नाचणारा असे दोन वर्ग नसतात. पाहणाऱ्याने केव्हाही आत यावे.

होळीआधीच्या भगोरियात आमच्याकडे हेच असते. मांदल, ढोल, थाळी, बासरी, आणि भोवती माणसे. अलीकडे मंचही असतो आणि उत्कृष्ट मांदल दलाला बक्षीसही. अशाच एका भगोरियात आयोजकांनी मला परीक्षक केले. हातात कागद: वेशभूषा, ताल, अनुशासन. एक दल उशिरा आले, मंचावर चढलेच नाही, खाली धुळीतच वाजवू लागले. गर्दी तिकडे वळली, मग मीही खुर्ची सोडली. रांगेत तो मुलगा होता. पीथमपूरहून सणाला आलेला, मिसरूड फुटलेला. मांदल क्षणभर थांबला तेव्हा तो झपकन खाली गेला, एका हातावर दोन गिरक्या घेतल्या आणि ताल पुन्हा धरला जाण्याच्या आत उठून रांगेत मिसळला. कोणालाही त्यात नवल वाटले नाही. मला पाहून तो ओळखीचे हसला आणि शेजारच्या हातातून हात सोडवून, मला जागा करून दिली.

माझ्या कागदावर त्या दलाचे नावच नव्हते.