शंभर टनांचा हिशेब

महाकाय यंत्रांच्या लढाईचा संगणक-खेळ हा विज्ञान शिक्षकाने विचारात घेण्याचा विषय आहे का? पुष्कळजण नाही म्हणतील. आपल्या नांदेड-लातूरकडे बारावीचा मुलगा संगणकावर खेळताना दिसला, की घरात पहिला प्रश्न येतो तो अभ्यासाचा. तरीही ‘मेकवॉरिअर ऑनलाइन’ या खेळाचे परीक्षण येथे करावेसे वाटते. त्यात विज्ञान आहे आणि विज्ञानाच्या चुकाही आहेत. शिक्षकाला दोन्हींचा उपयोग आहे.

कॅनडातील पिरान्हा गेम्स या कंपनीने हा खेळ २०१३ साली रीतसर सुरू केला. इंटरनेटवरून बारा-बारा खेळाडूंचे दोन गट परस्परांशी लढतात. प्रत्येक खेळाडू दोन पायांवर चालणाऱ्या एका प्रचंड यंत्राचा चालक असतो. या यंत्राला ‘मेक’ म्हणतात. सर्वांत हलका मेक २० टनांचा, तर सर्वांत जड १०० टनांचा. एक सामना जास्तीत जास्त पंधरा मिनिटे चालतो.

परंतु या खेळाची खरी गोडी लढाईआधीच्या कार्यशाळेत आहे. तेथे आपला मेक आपणच जुळवायचा असतो. समजा, आपण १०० टनांचा ‘ॲटलस’ निवडला. १०० टन ही कमाल मर्यादा. त्यातले १० टन सांगाड्यातच जातात. उरलेल्या ९० टनांत इंजिन, चिलखत, शस्त्रे, दारूगोळा आणि उष्णता बाहेर टाकणारी साधने बसवायची. वेग हवा असेल तर इंजिन मोठे हवे. खेळाचे सूत्र सोपे आहे : इंजिनाचा क्रमांक भागिले वजन, गुणिले १६.२. म्हणजे ३०० क्रमांकाचे इंजिन बसवलेला ॲटलस ताशी ४८.६ किलोमीटर वेगाने चालतो आणि ३५० क्रमांकाचे बसवले तर ५६.७ किलोमीटर वेगाने. पण मोठे इंजिन जड असते, म्हणून तेवढे चिलखत किंवा शस्त्र कमी करावे लागते.

शस्त्रांचेही तसेच. एखादी मोठी तोफ एकटीच १४ टनांची. मध्यम आकाराचा लेसर अवघा एक टनाचा आणि त्याला दारूगोळाही लागत नाही. मग सगळे लेसरच का बसवू नयेत? कारण ते झाडताना यंत्र तापते. सांगाडा १० टनांऐवजी ५ टनांचा घेता येतो, पण तो यंत्रातील १४ खण अडवून बसतो. वजन वाचले, जागा गेली. निम्म्या वजनाचे इंजिनही मिळते, पण ते छातीच्या दोन्ही बाजूंना पसरलेले असते आणि एक बाजू फुटली की सगळा मेक निकामी होतो. सर्व बाजूंनी उत्तम असा मेक बनतच नाही. काय मिळवण्यासाठी काय सोडायचे, हे ठरवणे म्हणजेच अभियांत्रिकी.

उष्णतेचा हिशेब हा या खेळाचा सर्वांत चांगला भाग. भराभर शस्त्रे झाडली तर मेक इतका तापतो की आपोआप बंद पडतो, आणि शत्रूसमोर निमूट उभा राहतो. पाण्यात उभे राहिले तर तो लवकर निवतो. ज्वालामुखीच्या प्रदेशात सावकाश, बर्फाळ शहरात चटकन. कोणतेही यंत्र घेतलेल्या ऊर्जेपैकी काही भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतेच, आणि ती वाहून न्यायला काहीतरी लागते. मराठवाड्याला हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. २०१३ च्या दुष्काळात परळी वैजनाथचे औष्णिक विद्युत केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. कोळसा होता, यंत्रे होती, पण वाफ निववायला पाणी नव्हते.

आता चुका पाहू. खेळातला तापलेला मेक ठरावीक दराने थंड होतो. तो थोडा तापला असो वा फार, दर तोच. न्यूटनचा शीतनाचा नियम सांगतो की वस्तू आणि परिसर यांच्या तापमानांत फरक जितका जास्त, तितकी वस्तू लवकर निवते. कपातला चहा आणि तापमापक घेऊन विद्यार्थी हे वर्गात पडताळू शकतात.

दुसरी चूक मोठी आहे. खेळाच्या नियमाप्रमाणे सांगाडा नेहमी एकूण वजनाच्या १० टक्के असतो. २० टनांच्या मेकला २ टन, १०० टनांच्या मेकला १० टन. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हाच प्रश्न हाताळला होता. लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली तर वजन आठपट होते, पण हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ चौपटच होते. म्हणून मोठ्या प्राण्याची हाडे प्रमाणाबाहेर जाड असावी लागतात. हत्तीच्या शरीरात हाडांचा वाटा उंदरापेक्षा जास्त असतो तो यामुळेच. खेळाने मात्र उंदराला आणि हत्तीला एकच नियम लावला आहे.

याच नियमाचा परिणाम पायाखालीही दिसतो. साठ किलो वजनाचा माणूस चालताना क्षणभर एका पायावर असतो. पाऊल २५ सेंमी लांब आणि १० सेंमी रुंद धरले तर जमिनीवर दर चौरस सेंमीला सुमारे पाव किलोचा भार पडतो. आता १७ मीटर उंचीच्या, म्हणजे साधारण पाच मजली मेकचे पाऊल दसपट मोठे धरू : अडीच मीटर लांब, एक मीटर रुंद. त्यावर १०० टन म्हणजे दर चौरस सेंमीला ४ किलो. रणगाड्याच्या पट्ट्यांखाली हाच भार एक किलोच्या आसपास असतो. नांदेडला गोदाकाठच्या काळ्या रानात आषाढात बैलगाडी रुतते, ट्रॅक्टर रुततो. तेथे या ॲटलसचे पहिले पाऊल पडेल, दुसरे उचलणार नाही.

प्रत्यक्षातील प्रयत्नही हेच सांगतात. २०१७ साली अमेरिकी आणि जपानी चमूंनी माणूस बसवून चालवलेल्या महायंत्रांची झुंज लावली, तेव्हा एक यंत्र पट्ट्यांवर चालत होते आणि दुसरे चाकांवर. जपानमधील योकोहामा येथे डिसेंबर २०२० ते मार्च २०२४ या काळात १८ मीटर उंचीचा, २५ टनांचा ‘गंडाम’ यंत्रमानव लोकांना पाहता येत होता. तो पाय उचलायचा, पण त्याला मागून आधार दिलेला होता.

खेळाविषयी आणखी दोन आक्षेप. हा खेळ फुकट सुरू होतो, पण नवे मेक झटपट हवे असतील तर पैसे मोजावे लागतात. विद्यार्थ्यांना हे आधीच सांगितले पाहिजे. शिवाय एवढी सारी कल्पकता शेवटी समोरच्याचा नाश करण्यासाठीच खर्ची पडते. पूर आल्यावर माणसे बाहेर काढणारे यंत्र जुळवायलाही हेच हिशेब लागतील, हे वर्गात शिक्षकालाच सुचवावे लागेल.

असे असूनही मला हा खेळ मोलाचा वाटतो. लातूर पॅटर्नने आपल्या भागातील हजारो मुलामुलींना डॉक्टर, अभियंता होण्याची वाट दाखवली, याचा अभिमान आहेच. पण त्या तयारीत प्रत्येक प्रश्नाला चारांपैकी एकच उत्तर बरोबर असते. धरण, पूल, पंप यांचे प्रश्न तसे नसतात. तेथे अनेक उत्तरे चालतात, प्रत्येकाची किंमत वेगळी असते आणि आपण ती का मोजली हे सांगावे लागते. असा प्रश्न विद्यार्थ्याने बारावीपर्यंत एकदाही सोडवला नसेल, तर उद्याच्या अभियंत्याची तयारी अपुरी राहिली असे म्हणावे लागेल.

त्यासाठी शाळेत महागडा संगणक नको. या खेळाचा पूर्वज ‘बॅटलटेक’ १९८४ साली अमेरिकेत आला तो कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ म्हणून. आपणही वर्गाचे चार गट पाडून प्रत्येकाला कागदावर १०० टन द्यावेत. सांगाड्याचा नियम मात्र गॅलिलिओचा लावावा. मग प्रत्येक गटाने आपण काय सोडले आणि का, हे फळ्यापाशी येऊन सांगावे. गुण द्यायचे असतील तर ते त्या ‘का’ला द्यावेत.