अंतोबा कीं अँटॉप? : एक पाठविचार

मुंबईच्या स्थलनामांवरील शेपर्ड यांचा इंग्रजी ग्रंथ १९१७ सालीं प्रसिद्ध झाला. रस्त्यांच्या नांवांसही इतिहाससाधनाची योग्यता देऊन तीं वेंचून ठेविलीं, हा त्याचा मोठा गुण होय. परंतु रोमन लिपींत 'त' व 'ट' यांचा भेद लोपतो. दोष लिपीचा खरा. फळ मात्र आमच्या पाट्यांस भोगावें लागतें.

आमच्या शेजारची टेकडीच पाहा. अंतोबा नामक गृहस्थावरून तिचें नांव पडलें असें सांगतात. ही व्युत्पत्ति ग्राह्य धरिल्यास 'अँटॉप' हा केवळ लेखकप्रमाद ठरतो : रोमन प्रतीवरून पुन्हा नागरी नक्कल करितांना 'त'चा 'ट' झाला व 'बा'च्या जागीं 'प' येऊन बसला. उलट, जवळच्याच स्थानकावर 'सायन' लिहिलें तरी लोकांच्या मुखीं 'शीव' हा मूळ पाठ टिकला, आणि त्याबरोबर सीमेचा अर्थही.

एका पाठभेदासाठीं कोस कोस चालणाऱ्या संग्राहकांनीं आपल्या गल्लींतील वृद्धांचे उच्चार व जुन्या पाट्या तारखेसह टिपून ठेवाव्या. पोथीची दुसरी प्रत कोठें तरी सांपडते. वृद्ध गेला कीं ती प्रत कायमची गेली.