ईशानची शाळा आणि आपली शाळा

'तारे जमीन पर' हा चित्रपट २१ डिसेंबर २००७ रोजी प्रदर्शित झाला. आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला असेल, पाहताना डोळेही पुसले असतील. मी तो नुकताच पुन्हा पाहिला, पण या वेळी हातात वही घेऊन. त्याला एक कारण घडले.

दर्यापूरजवळच्या एका खेड्यातले पालक शाळेत आले होते. त्यांचा मुलगा चौथीत. तोंडी गणिते झटकन सोडवतो, गोष्ट ऐकली की जशीच्या तशी सांगतो. पण पुस्तक समोर ठेवले की गप्प होतो. 'मूर्तिजापूर' हा शब्द त्याने माझ्यासमोर तीन वेळा तीन तऱ्हांनी वाचला. कोणीतरी वडिलांना सांगितले होते, की याला डिसलेक्सिया आहे आणि मोठ्या शहरात अशा मुलांची खास खाजगी शाळा असते. ते म्हणाले, "सर, दोन एकर वावर मक्त्यानं देतो, पन पोराले त्या शाळेत टाकतो. तुमी काय म्हनता?" त्यांनी चित्रपट पाहिला होता आणि त्यांच्या मनातली शाळा चित्रपटातलीच होती. म्हणून या चित्रपटाकडे एकदा शिक्षकाच्या नजरेने पाहू या.

दिग्दर्शन आमीर खानचे, लेखन अमोल गुप्ते यांचे. ईशान अवस्थी हा मुंबईचा मुलगा तिसरीत दुसऱ्यांदा बसला आहे. वडील त्याला आळशी ठरवून पाचगणीच्या निवासी शाळेत पाठवतात. तिथे रामशंकर निकुंभ हे चित्रकलेचे हंगामी शिक्षक येतात. ते त्याच्या वह्या पाहतात, चुकांमधली संगती ओळखतात आणि त्याला वाचायला शिकवतात.

चित्रपटाचे श्रेय आधी मान्य करू. ईशानच्या चुका ही चुकांची रास नाही, त्यांत एक रीत आहे, हे निकुंभ वह्या चाळून शोधतो. वही तपासणे म्हणजे लाल रेघ ओढणे नव्हे, तर निदान करणे, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्या लोकप्रिय चित्रपटाने सांगितल्याचे मला आठवत नाही. दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. निकुंभ स्वतः विशेष मुलांच्या शाळेतही शिकवतो, तरी ईशानला तिकडे हलवा असे तो म्हणत नाही. या मुलाला सर्वसाधारण शाळेत शिकण्याचा हक्क आहे, अशी बाजू तो मुख्याध्यापकांपुढे मांडतो. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत केला. ती लवकर ओळखून योग्य उपाय करण्याची जबाबदारीही त्याने शाळांवर टाकली.

आता उणिवांकडे येऊ. ईशान म्हणतो, अक्षरे नाचतात. पडद्यावर ती खरोखर नाचतात. त्यामुळे डिसलेक्सिया हा नजरेचा दोष आहे आणि उलटे अक्षर ही त्याची खूण आहे, असा समज घट्ट झाला. वास्तविक शिकण्याच्या सुरुवातीला पुष्कळ मुले अक्षरे उलटी काढतात आणि पुढे ते आपोआप थांबते. डिसलेक्सियाची मुख्य अडचण बहुतांशी ध्वनीची आहे. बोललेला शब्द ध्वनींत सोडवणे आणि प्रत्येक ध्वनी त्याच्या चिन्हाशी पक्का जोडणे या मुलांना फार जड जाते. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी वाचता न येणाऱ्या एका हुशार १४ वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा तेही याला शब्दांचे जन्मजात अंधत्वच समजत होते. त्यानंतर शंभर वर्षांत संशोधन डोळ्यांकडून ध्वनीकडे आले. चित्रपटाची दृश्ये मात्र डोळ्यांपाशीच थांबली.

शिवाय ईशानच्या चुका इंग्रजीतल्या आहेत. आपल्या वर्गात 'बी' आणि 'डी' यांची अदलाबदल शोधत बसून भागणार नाही. 'कमळ' वाचणारा मुलगा 'प्रकाश' आणि 'सूर्य' यांपाशी का अडतो, ते पाहावे लागेल. एकच र कधी पायाशी जातो, कधी डोक्यावर रफार होऊन बसतो. 'कि' मधली वेलांटी उच्चारात नंतर येते, पण लिहिताना व्यंजनाच्या आधी. वऱ्हाडात आणखी एक काळजी घ्यावी लागते. मुलाने 'पाणी' ऐवजी 'पानी' लिहिले किंवा 'मला' ऐवजी 'मले' वाचले, तर तो डिसलेक्सिया नव्हे, ती त्याची घरची बोली आहे. ही गल्लत झाली तर निरोगी मुलावर शिक्का बसेल आणि खरा अडलेला मुलगा मागे राहील. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' नावाचा चाचणीसंच हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत तयार केला. त्यात शिक्षकांनी करावयाची प्राथमिक छाननीही आहे. मुलाची तपासणी त्याच्या भाषेतच झाली पाहिजे, हे तत्त्व त्यामागे आहे.

तिसरी उणीव उपचाराची. वाळूत अक्षरे गिरवणे, मातीचे प्राणी करणे हे सारे एका गाण्यात उरकते आणि ईशान वाचू लागतो. पालकांना वाटते, जादू त्या वाळूत आहे. वाळूचा उपयोग मुलाचे मन लागायला होतो. वाचायला शिकवतो तो क्रम. आधी ध्वनी, मग चिन्ह, मग सोपा शब्द, मग जोडाक्षर. रोज थोडे, उजळणीसह आणि कित्येक महिने. कधी कधी वर्षेही लागतात. त्यातून कथेत निकुंभ हंगामी शिक्षक आहे. पुढच्या जूनमध्ये ईशानला कोण शिकवणार, हे चित्रपट सांगत नाही. शेवटी ईशान चित्रकलेची स्पर्धा जिंकतो, पण ज्या मुलाला चित्र काढता येत नाही त्याचे काय? वाचता येणे हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे. तो मिळण्यासाठी अंगी एखादी कला असण्याची अट नाही.

एक बदलही ध्यानात ठेवू. ईशान तिसरीत नापास होतो, म्हणून तरी घरात आरडाओरडा होतो. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर तिसरीत कोणी नापास होत नाही. ते योग्यच आहे. पण त्यामुळे न वाचणारा मुलगा आवाज न करता चौथीत जातो. त्याची हाक ऐकू यायची तर ती वर्गातच ऐकावी लागते.

मग त्या वडिलांना काय सांगावे? विशेष शाळा वाईट असतात असे नाही. अडचण तीव्र असेल तर तिथली एक-दोन वर्षांची सखोल मदत मुलाला सावरू शकते. पण वावर मक्त्याने देण्याआधी काही प्रश्न विचारावेत, असे मी त्यांना सांगितले आणि ते कागदावर लिहून दिले. मुलाची तपासणी मराठीत करणार की इंग्रजीत? रोज किती मिनिटे, किती मुलांमागे एक शिक्षक, आणि त्या शिक्षकाची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आहे का? जूनमध्ये आलेला मुलगा डिसेंबरात काय वाचू लागला, याच्या नोंदी दाखवता का? तो साध्या शाळेत परत केव्हा जाईल? आणि घरापासून तुटलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला रात्री जवळ कोण घेईल? 'पूर्ण बरा करू' अशी हमी देणारी किंवा रंगीत काचांचे चष्मे विकणारी शाळा असेल, तर उलट पावली परत यावे.

आणि एक प्रश्न मी स्वतःला विचारला. हा मुलगा चार वर्षे आमच्याच शाळेत होता. मग आम्ही त्याच्या वह्या कशा पाहिल्या?

गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांशी बोललो. शासकीय रुग्णालयातील तपासणीची वाट त्यांनी दाखवली. दहावीला जादा वेळासारख्या सवलती मिळायच्या तर प्रमाणपत्र लागतेच. पण वाचन शिकवायला प्रमाणपत्राची वाट पाहायची गरज नाही. शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास आम्ही दोघे बसतो. यंदा वावर मक्त्याने गेलेले नाही. पुढच्या वर्षी काय ते नोंदी पाहून ठरवायचे, असे त्याचे वडील आणि मी बोललो आहोत.

परवा दर्यापूरच्या बसस्थानकावर हा मुलगा गाडीच्या पाटीपुढे बराच वेळ थांबला. बोटाने हवेत रफार काढला आणि म्हणाला, "सर, मूर्तिजापूर." एवढ्याला अडीच महिने लागले होते. चित्रपटाला गाण्यात हे दाखवता आले नसते, आणि तो त्याचा दोषही नाही. पडद्यावर जे राहिले ते वर्गात पुरे करायचे काम आपले आहे.