श्रावणबाळाच्या कथेतील बाण : एक फेरवाचन

श्रावणबाळाची कथा मराठी घरांत मातृपितृभक्तीची कथा म्हणून सांगितली जाते. कावड, आंधळे आईवडील आणि अखेरचा शाप एवढेच श्रोत्याच्या ध्यानी राहते. वाल्मीकी रामायणाच्या अयोध्याकांडात मात्र या मुलाला नावही नाही. तेथे ही हकिकत दशरथ स्वतः, मरणाच्या रात्री, कौसल्येला सांगतो. म्हणजे मुळात ती बाण सोडणाऱ्याची कबुली आहे. वर्षाकाळ, शरयूचा काठ, दाट अंधार. घडा भरल्याचा आवाज त्याला हत्तीचा वाटला. न पाहता केवळ आवाजावर बाण सोडणे, हाच तर त्याचा तरुणपणीचा लौकिक! अपघात घडला तो कौशल्याच्या अभावामुळे नव्हे, त्याच्या अभिमानामुळे. आपल्या कीर्तनांनी व बालवाङ्मयाने नेमका हाच भाग पुसट केला, असा प्रस्तुत लेखकाचा आक्षेप आहे.

कालिदासाच्या ‘शाकुंतला’चा पहिला अंक याच्या शेजारी ठेवून पाहावा. दुष्यंत हरणाच्या मागे आहे, बाण जोडलेला आहे. तपस्वी मध्ये येतात आणि राजा बाण उतरवतो. या प्रसंगात राजाचा विनय पाहिला जातो, तो आहेच. परंतु नेम साधलेला असतानाही हाकेसरशी थांबता येणे हा धनुर्विद्येच्या शिक्षणाचाच भाग होय. महाकाव्यांतील वीर हातावर गोधा व बोटांवर अंगुलित्राण बांधून रणात उतरतात. त्यात कोणाला भित्रेपणा दिसला नाही.

हा विचार केवळ वाङ्मयीन नाही. २०२३ मध्ये बर्लिन येथे साताऱ्याची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले, तेव्हापासून तालुक्याच्या ठिकाणीही या खेळाचे आकर्षण वाढणे स्वाभाविक आहे. घोडनदीकाठच्या शिरूरला वा भीमेकाठच्या दौंडला एखाद्या महाविद्यालयाने धनुष्ये आणायचे ठरवले, तर धनुष्यांच्या किमतीआधी लक्ष्यामागची जमीन पाहावी लागेल. तेथून पायवाट जाते काय? क्रिकेटचा सराव त्याच वेळी असतो काय? जानेवारी २०२० मध्ये आसामातील छबुआ येथे सरावाच्या वेळी बारा वर्षांच्या मुलीच्या मानेजवळ बाण घुसला. दिल्लीच्या एम्समध्ये शस्त्रक्रिया करून तो काढावा लागला.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दोन शिट्ट्या झाल्या की धनुर्धर रेषेवर येतात, एक झाली की बाण सोडतात, तीन झाल्या की बाण आणायला जातात. पाच वा अधिक म्हणजे तत्काळ थांबा. तपस्व्याची हाक येथे शिट्टी झाली आहे, एवढाच फरक.

जाता जाता एक. स्नेहसंमेलनात श्रावणाची नाटिका बसवताना बांबूच्या कामटीचे धनुष्य केले जाते आणि परिणाम साधावा म्हणून बाण प्रेक्षकांच्या दिशेने रोखला जातो. पहिल्या रांगेत लहान मुले बसलेली असतात. दिग्दर्शनाची जबाबदारी असलेल्या प्राध्यापकांनी दशरथाचे तोंड पडद्याआडच्या भिंतीकडे वळवले, तरी नाटिकेचे काही बिघडत नाही.