दोल्चेत्तो : एका साध्या मद्याचा आस्वाद

नावावरून पारख करणाऱ्याची दोल्चेत्तो हमखास फसगत करते. या इटालियन शब्दाचा अर्थ आहे ‘गोडुला’. परंतु या काळ्या द्राक्षापासून होणाऱ्या तांबड्या वाइनमध्ये गोडी औषधालाही सापडत नाही. रंग गडद, जांभळ्याकडे झुकणारा. गंध पिकलेल्या आलुबुखाराचा. पहिला घोट मऊ लागतो, कारण आंबटपणा बेताचाच असतो. मग हळूहळू तुरटपणा जिभेवर पसरतो आणि शेवटी कडू बदामाची पुसट चव मागे राहते. युरोपीय समीक्षक या तुरटपणासाठी ‘टॅनिन’कडे बोट दाखवितात. आपल्या षड्रसांत कषायाला पूर्वापार स्थान आहे आणि जांभूळ खाल्लेल्या जिभेला तो निराळा समजावून सांगावा लागत नाही.

या मद्यात खोली नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो घेणाऱ्यांच्या मनात मापदंड असतो तो बारोलोचा. दोन्ही मद्ये इटलीच्या पिएमोंते प्रांतातली. परंतु बारोलो किमान ३८ महिने मुरवावे लागते; दोल्चेत्तो दोन-तीन वर्षांत पिऊन संपवायचे असते. बारोलोचे नेब्योलो द्राक्ष जेथे पिकत नाही, अशा थंड उतारांवर हे लवकर पिकते. भावगीताला महाकाव्याच्या मापाने मोजणे हा जसा अन्याय, तसाच हाही. खरा दोष आढळतो तो अन्यत्र : काही उत्पादक भारदस्तपणाच्या हव्यासाने ते नव्या ओकच्या पिंपात मुरवितात आणि लाकडाच्या वासाखाली फळ गुदमरते.

हा वाद केवळ रुचीचा नाही. प्रतिष्ठेबरोबर भावही बारोलोकडे गेल्याने शेतकरी दोल्चेत्तोच्या वेली उपटून नेब्योलो किंवा हेझलनट लावीत आहेत. २००५ साली दोल्यानी गावच्या दोल्चेत्तोला सर्वोच्च सरकारी दर्जा लाभला, तरी ही ओहोटी थांबलेली नाही. याच दोल्यानीत लुइजी एइनाउदी यांचे द्राक्षमळे होते. इटलीच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर आणि १९४८ ते १९५५ या काळात राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या या अर्थशास्त्रज्ञाने तेथे दोल्चेत्तोचीच जोपासना केली. किंमत आणि मूल्य यांतला भेद त्यांना कोणी शिकवावा लागला नसेल!

आपल्यापैकी कोणी सरकारी कामानिमित्त तिकडे गेल्यास हे बेताच्या किमतीचे मद्य किंचित गार करून, जेवणासोबत चाखावे. ते विस्मयचकित करणार नाही. जेवणाला मात्र रुची आणील. त्याने पत्करलेले काम तेवढेच आहे आणि ते काम ते चोख बजावते.