आकडा हिरवा, वाचणारा लाल

मागच्या वेळी आपण मकेबपाशी थांबलो होतो. थॉमस मकेब यांनी १९७६ साली प्रोग्रॅममधल्या स्वतंत्र वाटा मोजायची रीत दिली आणि १० ही मर्यादा सुचवली. सुचवली, बरं का! आम्ही ज्या टीममध्ये होतो तिथे तो नियमच झाला. १४ आला की फंक्शनचे दोन तुकडे. आकडा खाली आला, पण एक हिशेब समजायला आता पाच फाइली उघडाव्या लागायच्या.

आता १९९२ चा मेंटेनॅबिलिटी इंडेक्स बघू. १७१ पासून सुरुवात करायची आणि तीन गोष्टी वजा करायच्या: हॉल्स्टेडचा व्हॉल्यूम, मकेबचा आकडा आणि ओळींची संख्या. पण ओळी वाढल्या की व्हॉल्यूम वाढतोच. म्हणजे आकारमानालाच दोनदा दंड! व्हिज्युअल स्टुडिओत हाच इंडेक्स ० ते १०० वर आणलाय, आणि २० च्या पुढे सगळं हिरवं. परीक्षेत २० ला पास करणारी शाळा कुणाला आवडणार नाही?

मॉडेलकडे, म्हणजे यूएमएलच्या क्लास डायग्रामकडे आलो की खरी गंमत सुरू होते. स्पेनमध्ये मार्सेला हेनेरो, मारिओ पियातिनी यांनी डायग्राममधली नाती आणि वारशाची खोली मोजली, आणि तोच डायग्राम समजून घ्यायला, बदलायला माणसांना किती वेळ लागतो हेही तपासलं. हे काम आम्हाला प्रामाणिक वाटतं, कारण तिथे वाचणारा माणूस खोलीत हजर आहे. तक्रार आहे ती नंतरच्यांबद्दल. त्यांनी माणूस बाहेर काढला, मोजपट्टी ठेवून घेतली.

एक करून बघा. वाचनालयाचा डायग्राम घ्या: सभासद, पुस्तक, देवघेव, दंड. आता नावं पुसा आणि अ, ब, क, ड लिहा. चौकटी तेवढ्याच, रेघा तेवढ्याच, त्यामुळे या मोजपट्टीवर एकही आकडा हलत नाही. समजतं का काही? मांडणीचंही तसंच. हेलन पर्चेस यांनी १९९७ मध्ये आलेखांवर प्रयोग केले, तेव्हा रेघा एकमेकींना छेदतात त्याचाच त्रास वाचणाऱ्याला सगळ्यात जास्त होतो असं दिसलं. रेघा मोजणाऱ्या साधनाला हे छेद दिसत नाहीत.

मग आकडे फेकून द्यायचे? नाही हो. दोनशे चौकटींमध्ये आधी कुठे बघायचं, एवढं ते नक्की सांगतात. पण ‘समजायला सोपं’ हे प्रशस्तिपत्र त्यांनी देऊ नये. आम्ही आता नव्या माणसाच्या हातात डायग्राम देतो आणि विचारतो, उशिराचा दंड बदलायचा तर कुठे हात लावशील? घड्याळ लावतो, आणि त्याचं बोट आधी कुठल्या चुकीच्या चौकटीवर गेलं ते लिहून ठेवतो. बहुतेकदा त्या चौकटीचं नाव बदलावं लागतं.