‘90 टक्के’ नेमके कशाचे? हॉर्सशू क्रॅबवरचा एक पेपर वाचताना

चिकलठाणा एमआयडीसीत इंजेक्शनच्या प्लांटला क्यूसीमध्ये लागलेला एखादा सीनियर ओळखीचा असेल, तर त्याला ‘बीईटी’बद्दल विचारा. औषधात जिवाणूंचं एंडोटॉक्सिन राहिलं तर रुग्णाला थंडी-ताप येतो, प्रसंगी शॉकही. म्हणून नमुन्यात एलएएल मिसळून नळी 37 अंशांवर तासभर ठेवतात आणि उलटी करतात. जेल घट्ट राहिलं, तर एंडोटॉक्सिन आहे. पूर्वी हेच काम सशांना टोचून, त्यांचा ताप मोजून व्हायचं.

एलएएल बनतं अमेरिकेतल्या हॉर्सशू क्रॅबच्या रक्तपेशींपासून. त्याला पर्याय आहे रिकॉम्बिनंट फॅक्टर सी. सिंगापूरच्या जीक लिंग डिंग आणि बाउ हो यांनी त्याचं जनुक ज्या जातीतून घेतलं, ती आपल्या ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावरही सापडते.

मॅलोनी, फेलन आणि सिमन्स यांचा 2018 चा ‘प्लॉस बायॉलॉजी’मधला पेपर हा पर्याय स्वीकारा, असं सांगतो. पेपर वाचनीय आहे, पण त्यात दोन दावे आहेत आणि दोन्हींचं वजन सारखं नाही.

पहिला दावा: पर्यायी चाचणी एलएएलइतकीच चांगली. आधीच्या अभ्यासांचा आढावा घेऊन तो मांडलाय, त्यामुळे पाया बरा आहे. तरी विचारा, नमुना कोणता होता? अशा तुलनांत बरेचदा शुद्ध एंडोटॉक्सिन मोजून घातलेलं असतं. प्लांटच्या पाण्यात आपोआप आलेलं एंडोटॉक्सिन तसंच वागेल, हे वेगळं दाखवावं लागतं. अमेरिकी फार्माकोपियाने 2020 मध्ये घाई टाळली आणि 2024 मध्ये स्वतंत्र प्रकरण मंजूर केलं. युरोपात ते 2021 पासून लागू आहे.

दुसरा दावा: रक्ताचा वापर 90 टक्क्यांनी घटू शकतो. बहुतेक चाचण्या पाणी आणि नेहमीच्या कच्च्या मालाच्या असतात, त्या आधी बदला, असं हे गणित. गणित पटतं. पण हा आकडा वापराचा आहे, प्राण्यांच्या संख्येचा नाही. रक्त काढून सोडलेल्यांपैकी साधारण 15 टक्के मरतात, असं अमेरिकेतलं मत्स्य व्यवस्थापन धरतं. शिवाय ईल आणि मोठे शंख पकडायला आमिष म्हणूनही हे प्राणी मारले जातात. डेलावेअर उपसागरात त्यांच्या अंड्यांवर पोट भरून पुढे उडणाऱ्या रेड नॉट पक्ष्यांना एकूण किती मादी उरल्या, याच्याशी मतलब. ‘90 टक्के क्रॅब वाचतील’ असं कुणी म्हणालं, तर तो आकडा मूळ अर्थापेक्षा पुढे नेलेला आहे.

लेखक कोण, तेही बघा. मॅलोनी आणि फेलन ‘रिवाइव्ह अँड रिस्टोर’ या संवर्धन संस्थेचे. विरोधातले काही पेपर एलएएल विकणाऱ्या कंपन्यांकडून आलेत. म्हणून कुणीच खोटं ठरत नाही. पण पुरावा तपासताना दोघांना एकच फुटपट्टी लावा.

माझं मत? चाचणी बदलायला हवी, आणि त्यासाठी पहिला दावा पुरेसा आहे. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये हा पेपर आला, तर दोन्ही दावे एका वाक्यात कोंबू नका. प्रत्येकापुढे त्याचा पुरावा लिहा.